चार बोटांचं पाणी

साहेब, तुमच्या कागदावर लिहिलंय की भिकाबाईनं यंत्र बिघडवलं. साफ खोटं. यंत्र तिनं चालू केलं. बिघडलेलं होतं ते तुमचं गणित, आणि ते यंत्र यायच्या सहा वर्षं आधीपासून. तुमचं नाव इथं मुद्दाम लिहिलेलं नाही. नाव लिहिलं की तुम्ही बदली करून घ्याल, आणि तुमच्या जागी येणारा म्हणेल, ते माझ्या आधीचं. म्हणून खुर्चीला बोलायचं. खुर्चीची बदली होत नाही.

आता झालं काय ते बैजवार ऐका.

भिकाबाई पाटकरी. कालव्याचं पाणी मोजून चारीला, म्हणजे शेतांकडं जाणाऱ्या लहान पाटाला सोडायचं, हे पाटकऱ्याचं काम. सात नंबरच्या चारीच्या तोंडाशी सिमेंटची एक अरुंद नाळ आहे. नाळेच्या भिंतीला इनॅमलची पांढरी पट्टी, तिच्यावर सेंटिमीटरचे काळे आकडे. पाणी कोणत्या आकड्याला लागलं ते सकाळ-संध्याकाळ वहीत लिहायचं. ती वही ऑफिसात जाते, तिथं उंचीवरून पाणी सांगणारा तक्ता काढतात आणि ठरवतात की चारीला पाणी किती गेलं. एवढं सोपं काम. पण भिकाबाई पाटकरी आहे असं तुमच्या कुठल्याच कागदावर नाही. हजेरीपटावर नाव आहे भावसिंगचं. भावसिंग तिचा नवरा, तो त्र्याण्णव सालीच काविळीनं मेला. नवीन भरती बंद, म्हणून तेव्हाचे साहेब म्हणाले, "तूच ये त्याच्या जागी, सही मात्र त्याच्या नावानं कर." अकरा वर्षं ती मेलेल्या माणसाची सही करून राहिली. चौथी पास बाई, तिचं अक्षर नवऱ्यापेक्षा चांगलं. ते वाईट काढायला तिला महिनाभर सराव करावा लागला.

कामही नवऱ्यानंच शिकवलेलं, आणि त्यात एक गोष्ट अशी की ती तुमच्या कुठल्या पुस्तकात मिळायची नाही. सत्त्याऐंशी साली उसाची ट्रॉली नाळेला घासली आणि पट्टी निखळून पडली. ठेकेदाराच्या माणसानं ती परत ठोकली, पण ठोकली चार बोटं वर. म्हणजे शून्याच्या खाली चार बोटं पाणी वाहायचं आणि पट्टीला त्याचा पत्ताच नसायचा. भावसिंगनं ऑफिसात सांगितलं. उत्तर मिळालं, "पट्टी हलवायची तर एस्टिमेट लागतं. तू आपली चार बोटं मिळवून लिहीत जा." चार बोटं म्हणजे सात सेंटिमीटर. तेव्हापासून तो नेम पडला. भावसिंगनं खाटेवरून बायकोला सांगितलं ते शेवटचं नीट बोलणं तेवढंच होतं :

"पट्टी बघायची, चार बोटं मिळवायची, मंग लिहायचं. चार बोटं इसरली तर खोटं लिहिल्यावाणी होईल."

भिकाबाई एक दिवस विसरली नाही. चारीवर सगळ्यांना हे ठाऊक. दूध घालताना माप उणं वाटलं की लोक म्हणायचे, "चार बोटं मिळवा की!" पोरगं परीक्षेत काठावर पास झालं तर, "मास्तरनं चार बोटं मिळवली वाटतं." हसायचे सगळे. भिकाबाईसुद्धा हसायची.

चारीच्या अगदी शेवटी, टेलला, तिचाच तांडा. आणि टेलला पाणी पोचायचं नाही. पहिल्या चार-पाच वर्षांत पोचायचं. पुढं शेवटच्या आठ-दहा शेतांत नुसती ओल. लोक ऑफिसात जायचे. साहेब वही उघडून दाखवायचे : हे बघा, तोंडाशी पाणी पूर्ण सोडलंय, अडतीस सेंटिमीटर. कागदावर पूर्ण आहे आणि तुमच्याकडं पोचत नाही, याचा अर्थ मधे चोरी होते. चारीच्या काठाला राहतं कोण? तुम्हीच. मग नोटिसा यायच्या. दोन वर्षांखाली भिकाबाईचा दीर रूपसिंग, त्याचं इंजिन उचलून नेलं, चोरीचं पाणी उपसतो म्हणून. त्याच्या इंजिनाच्या टाकीत तर डिझेलही नव्हतं.

"वैनी," रूपसिंग तेव्हा तिला म्हणाला होता, "तुमी पाणी सोडता, तुमीच लिहिता, अन् चोर आमी. असं काहून?"

ती म्हणाली, "मी पट्टीवर दिसतं ते लिहिते, भाऊ. अन् चार बोटं."

ही झाली आधीची हकिकत. आता यंत्र.

दोन हजार चारच्या मार्चात ऑफिसातून पत्र निघालं. चारीच्या तोंडाशी पाणी मोजणारा बोर्ड कॉम्प्युटर बसवायचा. हा कॉम्प्युटर टेबलावरचा नव्हे. शाळेच्या पाटीएवढा एकच हिरवा बोर्ड, त्याच्यावर सगळं काही. सोबत बॅटरी, सूर्यावर चालणारी तावदानासारखी प्लेट, छोटा पडदा, चार कळा आणि पाण्यात सोडायची वायर. पाणी तो स्वतः मोजणार, तासातासाला लक्षात ठेवणार. चांगली गोष्ट. पण वरून हुकूम होता की पत्रव्यवहार शुद्ध मराठीत करा. कुणीतरी शब्दकोश घेऊन बसलं. बोर्डाचं केलं मंडळ, कॉम्प्युटरचं संगणक. पत्रावर आलं : "मंडळ संगणक व उपसाधने यांची प्रतिष्ठापना."

आपल्याकडं मंडळ म्हटलं की एकच. महसुलाचं मंडळ, दहा-पंधरा गावांचं मिळून एक, त्याचा मंडळ अधिकारी. टेम्पोवाल्यानं पत्र वाचलं आणि खोका सरळ मंडळ अधिकाऱ्याच्या कचेरीत उतरवला. कचेरीनं पत्र वाचलं. त्यांनाही वाटलं, आपलाच. आणि पुढं लिहिलेलं होतं प्रतिष्ठापना. मग काय, नारळ फोडला.

भिकाबाई ऑक्टोबरात उत्पन्नाच्या दाखल्यासाठी त्या कचेरीत गेली. बघते तर कपाटावर खोका, खोक्याला झेंडूचा वाळका हार, हळदीकुंकू. खोक्यावर लिहिलेलं : चारी क्रमांक सात.

"हे काय हो?" तिनं कोतवालाला विचारलं.

"मंडळ संगणक," कोतवाल म्हणाला. "गुढीपाडव्याला बसवला."

"चालतो का?"

"चालतो म्हणजे? पूजा झाली की त्याची."

"उघडला का पण?"

"उघडायचं पत्र न्हाई आलं अजून."

"अन् हे चारी नंबर सात लिहिलंय ते?"

कोतवालानं मान वाकडी करून वाचलं. "ते चार, सात... मला वाटलं तारीख हाय."

खोका बैलगाडीतून चारीवर आला तोवर कंपनीनं फुकट बसवून द्यायची सहा महिन्यांची मुदत संपून गेली होती. कंपनीचा माणूस फोनवर म्हणाला, "आता यायचं तर वेगळं." साहेब चारीवर आले, खोक्याभोवती एक चक्कर मारली. रब्बीच्या पाण्याची पहिली पाळी पंधरा नोव्हेंबरला सुटणार होती आणि वर कळवायचं होतं की यंत्र चालू आहे.

"कुणाला येतं का इथं हे?" साहेबांनी विचारलं.

"डोंगरकडा गावात एक मिस्तरी हाय," भिकाबाई म्हणाली. "मोहियोद्दीनभाई. रेडिओ, टीव्ही नीट करतो, जळलेल्या मोटारींच्या तारा भरतो."

"बसवून घे मग त्याच्याकडून. आणि हे बघ भिकाबाई, पहिल्या पाळीची नोंद यंत्रातून नीट आली ना, तर यंत्राला रक्षक लागतो. ती जागा नवीन आहे. भावसिंगच्या नावाची गरज नाही. तुझंच नाव लावतो."

तिला क्षणभर कळलंच नाही. "माझं?"

"भिकाबाई भावसिंग. हजेरीपटावर."

तिच्या जन्माचा दाखला नव्हता, सातबाऱ्यावर नाव नव्हतं, रेशनकार्डावर ती कुटुंबप्रमुखाची बायको होती आणि कुटुंबप्रमुख मेलेला होता. सरकारच्या कागदावर स्वतःच्या नावानं ती पहिल्यांदा उभी राहणार होती. त्या रात्री तिनं पोराच्या वहीच्या मागच्या पानावर स्वतःची सही करून पाहिली. नवऱ्याची सही इतकी हातात बसलेली की "भि" काढायला गेली आणि "भा" निघाला.

मोहियोद्दीन सायकलला पिशवी लटकवून आला. पन्नाशीचा माणूस, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. शाळा सातवी, बाकी सगळं उघडून बघून शिकलेला. भावसिंगचा जुना दोस्त, म्हणून हिला भाबी म्हणायचा. खोक्यातून बोर्ड काढला, उजेडाकडं धरला आणि उलटसुलट करून न्याहाळत राहिला.

"काय झालं, भाई?"

"काय न्हाई. देखणा हाय." मग त्यानं माहितीचा कागद उघडला आणि कपाळाला हात लावला. "भाबी, हे कुणी लिहिलं? 'काळी तार मैदानास जोडावी.' मैदान कुठंय इथं?"

"शाळेचं हाय की, दोन कोसावर."

"तिथवर तार न्यायची म्हणता?" तो हसायला लागला. "ग्राउंडचं मैदान केलं लेकायनी! अर्थिंग हो. जमिनीत सळई ठोकायची." पुढं वाचू लागला. "'मातृमंडळास ओल लागू देऊ नये.' हे तर महिला मंडळाला सांगितल्यावाणी झालं."

दोघांनी चार दिवस काम केलं. कालवा तेव्हा कोरडा होता, म्हणून पावसाळ्यात नाळेत वाहून आलेला गुडघाभर गाळ आधी उपसावा लागला. तळ दिसेपर्यंत भिकाबाईनं खोऱ्यानं ओढला, खराट्यानं घासला. तळाचं सिमेंट चांगलं गुळगुळीत, कोपऱ्यात गवंड्यानं ओल्या सिमेंटात काडीनं तारीख कोरलेली : १२-५-९८. तिनं ती वाचली आणि पुढं घासत गेली. मोहियोद्दीननं भिंतीवर लोखंडी पेटी ठोकली, पेटीत बोर्ड चार स्क्रूंवर बसवला, खाली रबराच्या चकत्या घातल्या. सळई जमिनीत ठोकून भोवती मीठ-कोळसा भरला. सूर्याची प्लेट दक्षिणेला तोंड करून खांबावर चढवली आणि माकडांसाठी भोवती काटेरी तार गुंडाळली. बॅटरीच्या तारा जोडताना त्यानं भिकाबाईला मागं सरकवलं, स्वतःही तोंड फिरवलं, आणि बिस्मिल्ला म्हणून जोडल्या. पडदा पेटला. हिरव्या पडद्यावर काळे आकडे नाचले आणि थांबले.

"जिता झाला," तो म्हणाला.

राहिली ती पाण्यातली वायर. तिच्या टोकाला अंगठ्याएवढी पोलादी नळी. कागदावर तिचं नाव संवेदक. मोहियोद्दीन तिला नाक म्हणायचा. "हे नाक तळाला ठेवायचं. वर जेवढं पाणी तेवढा त्याच्यावर भार. त्या भारावरून खोली कळते." नाक पाइपात घालून तळाशी बसवलं, पाइप भिंतीला आवळला. मग भिकाबाईनं कागदात लिहिल्याप्रमाणं शून्याची कळ पाच आकडे मोजेपर्यंत दाबून धरली. पडद्यावर आलं ०. कोरडा तळ, शून्य पाणी. बराबर.

"अजून एक खाना हाय," मोहियोद्दीन कागदावर बोट ठेवून म्हणाला. "'भरपाई : स्थिर फरक असल्यास सेंटिमीटरमध्ये भरावा.' हितं काही टाकू का? तुमची चार बोटं?"

"काहून? पट्टी वर ठोकलेली हाय म्हणून पट्टीला चार बोटं. नाक तर तळालाच हाय. त्याला कशाला?"

"म्हणजे पट्टी दाखवील त्याच्यापरीस यंत्र सात जास्त दाखवील."

"व्हय. तीच तर पारख."

भरपाईच्या खान्यात शून्य राहिलं.

पंधरा तारखेला सकाळी दहाला पाणी आलं. आधी फेस, काटक्या, चपला, मग गढूळ पाणी, मग सरळ धार. दुपारपर्यंत पाणी स्थिर झालं. भिकाबाईनं पट्टी बघितली : एकतीस. म्हणजे वहीत अडतीस. मग पेटीचं झाकण उघडून पडदा बघितला.

एकतीस.

तिनं झाकण लावलं, परत उघडलं. एकतीसच.

"भाई, तुमचं यंत्र खोटं बोलून राहिलं."

मोहियोद्दीन पिशवी बांधत होता, तो उठला. तारा हलवून पाहिल्या, बॅटरी मोजली, वायरीला कुठं ताण आहे का बघितलं. सगळं ठीक. चष्मा पुसला. "पट्टी किती म्हणते?"

"एकतीस."

"यंत्र?"

"तेबी एकतीस. अडतीस पायजे."

"दोन साक्षीदार एकतीस म्हणतात आन् तुमी एकट्या अडतीस म्हणता," तो म्हणाला. "चला, तिसरा विचारू." त्यानं पिशवीतून पोलादी टेप काढला, बांबूला बांधला, आणि नाळेच्या काठावर पालथं पडून तळापर्यंत सोडला. पाण्याशी चिमूट धरून वर काढला. एकतीस. सरकून पलीकडच्या बाजूला सोडला. एकतीस. तिसऱ्यांदा भिकाबाईनं स्वतः सोडला, बांबू तळाला ठक्क करून लागला ते तिच्या हाताला कळलं. एकतीस.

"तळ आन् पट्टीचं शून्य एकाच रेषेत हाय, भाबी. चार बोटं कुठून आणली?"

ती काठावर बसली. ओल्या हातांकडं बघत बसली. मग हळूच म्हणाली, "अठ्ठ्याण्णव."

"काय?"

"तळावर तारीख हाय. बारा पाच अठ्ठ्याण्णव. त्या उन्हाळ्यात दुरुस्ती केली व्हती. दोन महिने मला कामावर येऊ दिलं न्हाई. आले तवा पाणी चालू व्हतं. त्यायनी तळावर सिमेंटचा नवा थर टाकला असंल. थर चार बोटं. तळच वर आला, पट्टीच्या शून्याला भिडला. घासताना डोळ्यापुढं व्हतं, पण डोक्यात चार बोटंच बसलेली. मला कुणी सांगितलं न्हाई. अन् मी मिळवतच राहिले."

मोहियोद्दीननं खडूनं पेटीच्या झाकणावर हिशेब मांडला. तक्ता त्याला ठाऊक नव्हता, पण एक ठाऊक होतं, की नाळेत पाण्याची उंची थोडी वाढली तरी पाणी जास्तच वाढतं. त्यानं अंदाजानं काढलं आणि सांगावं की नाही असा घुटमळला.

"सांगा."

"कागदावर चार घागरी लिहिल्या तर त्यातल्या तीनच चारीत गेल्या. चौथी तुमच्या वहीत."

सहा वर्षं. टेलच्या शेतांना जी घागर पोचत नव्हती ती कुणी चोरलीच नव्हती. ती धरणातून सुटलीच नव्हती. आणि तिचा खोटा दाखला लिहिणारा हात कुणाचा? टेलच्याच तांड्याचा. रोज सकाळ-संध्याकाळ, न चुकता, नवऱ्याच्या सहीनं. भिकाबाई रडली वगैरे नाही. तिनं वहीत त्या दिवशीचा आकडा लिहिला, एकतीस. अकरा वर्षांत पहिल्यांदा बोटं मिळवली नाहीत, आणि लिहिताना तिला उलट खोटं लिहिल्यासारखं वाटलं.

संध्याकाळी तिनं रूपसिंगला चारीवर बोलावलं आणि सगळं सांगितलं. तळ, थर, बोटं. काही लपवलं नाही. रूपसिंग मोठ्या तोंडाचा माणूस, पण आधी उठून नाळेत डोकावून आला.

"म्हंजे माझं इंजिन तुमच्या बोटायनी नेलं," तो शेवटी म्हणाला.

"व्हय."

"अन् आता सायबाला काय सांगणार?"

"हाय तेच."

"वैनी, तुमचं नाव लागून राहिलं हजेरीपटावर. पोरायनी सांगितलं मला. तोंड गप ठेवलं तर पक्क्या व्हाल. आमी सहा वर्षं काढली, अजून काढू." तो हे टोमण्यानं म्हणाला की मनापासून, ते तिला कळलं नाही. त्यालाही कळलं नसावं.

"तुमी काढाल," ती म्हणाली. "लिहायचं मला हाय. मला आता ठाऊक हाय."

पाळी संपली, साहेब नोंद न्यायला आले. सोबत जुना तक्ता, जुन्या वह्यांचा गोषवारा. पडद्यावरचे आकडे उतरवून घेतले आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"हे कमी दाखवतंय."

"बराबर दाखवतंय," भिकाबाई म्हणाली आणि तळाची गोष्ट सांगितली. मोहियोद्दीन टेप-बांबू घेऊन उभाच होता. साहेबांनी टेपाकडं पाहिलं नाही. पण त्यांना कळलं. फार लवकर कळलं, साहेब. तुमच्या चेहऱ्यावर ते आलं तेव्हा भिकाबाई तुमच्याकडंच बघत होती. एकतीस खरं मानलं तर सहा वर्षांचं पाणी कागदावर खोटं, नोटिसा खोट्या, उचललेलं इंजिन खोट्या गुन्ह्यात, दुरुस्तीच्या फाइलीत थर चार बोटांचा आणि पाटकऱ्याला कळवल्याचं पत्र कुठंच नाही.

"यंत्राला फरक भरायची सोय असते," साहेब म्हणाले. "कागदावर आहे बघ. भरपाई. तिथं सात टाक. जुन्या नोंदींशी मेळ बसेल."

"भरपाई टाकायचीच तर तांड्याला टाका," भिकाबाई म्हणाली.

मोहियोद्दीन खोकला. हसू दाबायला खोकला.

"तुला भाषण नाही विचारलं. सात टाक, आणि आजच्या तारखेनं तुझं नाव लावतो. इथं, तुझ्यासमोर." साहेबांनी खरंच हजेरीपट काढला, पेनाचं टोपण काढलं. रकाना रिकामा होता. तिनं तो पाहिला.

पेटी उघडी होती. कळ हाताशी होती. मोहियोद्दीननं तिला सगळं शिकवलं होतं, कोणती कळ किती वेळ दाबायची ते. साहेबांना ते येत नव्हतं. साहेबांनी मोहियोद्दीनकडं बघितलं.

"मला बघू नका साहेब," तो म्हणाला. "मी मोटारी भरणारा. मैदानाला तार जोडणारा."

भिकाबाईनं पेटी बंद केली, कुलूप लावलं आणि किल्ली साहेबांच्या जीपच्या बॉनेटवर ठेवली. "एकतीस हाय ते एकतीस हाय. अडतीस पायजे तर तळ खोदा, चार बोटं खाली न्या. मंग मीच लिहीन."

आठ दिवसांनी कागद आला. त्यात लिहिलं होतं की अनधिकृत व्यक्तीकडून यंत्र बसवून घेतल्यामुळं आणि त्यात छेडछाड केल्यामुळं पाटकरी भावसिंग यास कामावरून कमी करण्यात येत आहे. साहेब, तुम्ही तिला काढलं तेसुद्धा मेलेल्याच्या नावानं. म्हणजे तिला काढलंच नाही, कारण ती कधी नव्हतीच. यंत्र काढून जीपमध्ये टाकून नेलं. पेटीची भोकं तेवढी भिंतीला राहिली. नवा पाटकरी आला. चांगला पोरगा आहे, त्याचा दोष नाही. त्याला पहिल्याच दिवशी सांगितलं गेलं, पट्टी बघायची, चार बोटं मिळवायची, मग लिहायचं.

भिकाबाई आता दुसऱ्यांच्या शेतात निंदायला जाते. पण गप्प बसलेली नाही. तिनं अर्ज दिला, पहिल्यांदा स्वतःच्या सहीनं, आणि आवकच्या टेबलावर भांडून पोच घेतली. अर्जाला रूपसिंगसह तांड्यातल्या चौदा जणांच्या सह्या-अंगठे आहेत, आणि मोहियोद्दीनची उर्दूतली सही आहे. आज तीन महिने आणि नऊ दिवस झाले. ती दर सोमवारी ऑफिसात येते आणि तुम्ही दर सोमवारी मीटिंगला असता.

अर्ज लांब आहे, वाचायला वेळ नसेल. मागणी एकाच ओळीची आहे, म्हणून इथं परत लिहितो. कालवा बंद असेल त्या कोणत्याही दिवशी, चारचौघांसमोर, तुमच्याच टेपनं तळापासून पट्टीच्या शून्यापर्यंतचं अंतर मोजा. काहीच भरलं नाही, तर सहा वर्षं तांड्याला चोर कुणी ठरवलं, आणि खरं मोजणाऱ्या बाईला कुठल्या कलमाखाली घरी बसवलं? तोंडी नको. भिकाबाईच्या नावानं, तारीख घालून, तुमच्या सहीनं लेखी उत्तर द्या. कधी देता?